सात मिलिमीटरच्या पुढे

मामांच्या जिभेची शस्त्रक्रिया झाली आणि दहाव्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला. दोन पानं, बारीक टायपात. मी गणिताचा प्राध्यापक, त्यामुळे तो वाचून सगळ्यांना समजावायचं काम माझ्याकडे आलं. गाठीची लांबी-रुंदी सांगितली. काठ मोकळे आहेत, हे सांगितलं तेव्हा मामींनी डोळे पुसले. मग एक ओळ आली : आक्रमणाची खोली, ७ मिलिमीटर. मामांना बोलता येत नव्हतं. त्यांनी भाच्याच्या पोराची पाटी ओढली आणि लिहिलं, “सात म्हणजे किती रे? आणि तिथून पुढे?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी करंगळीच्या नखावर दाखवलं. दुसऱ्याचं माझ्यापाशी नव्हतं.

हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागून लिहिलं गेलं आहे.

काही महिन्यांनी एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने मला तिच्या प्रयोगशाळेत बोलावलं. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा तिथे कॉर्कच्या फळीवर टाचण्यांनी ताणून बसवतात. जिथून सुरी फिरली त्या सगळ्या बाजू शाईने रंगवतात. मग त्याचे पातळ काप काढून काचेवर घेतात. काचेवर शाईची रेघ दिसली की समजायचं, सर्जनचा हात इथवर आला होता. तिने मला खुर्चीत बसवलं आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला.

डाव्या बाजूला जिभेचं निरोगी आवरण होतं, नीट रचलेल्या पेशींचे थर. त्यांच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. त्याला आधारपटल म्हणतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तो वेगळा उठून दिसत नाही, पण वरची दाट वस्ती आणि खालची विरळ तंतूंची जमीन यांच्यामध्ये डोळा आपोआप रेघ ओढतो. मी ती रेघ धरून उजवीकडे सरकत गेलो आणि एका जागी ती हरवली. तिथून पेशींच्या जिभाच्या जिभा खाली उतरल्या होत्या. आणखी खाली त्या जिभांचे पुंजके झाले होते, पुंजक्यांचे चार-चार पेशींचे ठिपके आणि शेवटी स्नायूच्या दोन धाग्यांमध्ये एकटीदुकटी पेशी. मैत्रीण म्हणाली, “खोली मोजताना आम्ही गवंड्यासारखं करतो. शेजारच्या निरोगी आधारपटलाची पातळी धरायची आणि तिथून ओळंबा सोडायचा. सगळ्यांत खालची पेशी जिथे, तिथे ओळंब्याचं टोक.”

त्या टोकाशी तीन पेशी होत्या. एका पेशीचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साधारण पंधरा-वीस पट... म्हणजे ७ मिलिमीटरमध्ये अशा चारेकशे पेशी एकीपुढे एक उभ्या राहतील. एवढं अंतर त्या तिघी किंवा त्यांच्या पूर्वज पेशी चालून आल्या होत्या. वाटेत जे काही होतं ते विरघळवत, बाजूला सारत आणि त्यालाच धरून चढत.

गाठ वाढणं वेगळं आणि गाठ घुसणं वेगळं. गर्भाशयातला फायब्रॉईड नारळाएवढा होतो, आजूबाजूला दाबतो, त्रास देतो, पण शेजारच्या ऊतीत शिरत नाही. काढला की संपतो. जिभेवरची चिंचोक्याएवढी गाठ मात्र आत शिरलेली असली तर तिचा हिशेब आकारावर होत नाही. म्हणूनच २०१८ पासून वापरात असलेल्या, कर्करोगाच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कर्करोगासाठी लांबी-रुंदीच्या जोडीला खोली आली. ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर या त्यातल्या दोन पायऱ्या. मामा दोन्हींच्या मधले.

या विषयात महाराष्ट्राचं काम मोठं आहे, आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उभं राहिलं. तिथे वसंत रामजी खानोलकरांनी भारतीयांच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध सूक्ष्मदर्शकाखाली बसून तपासला. त्याच रुग्णालयातल्या सर्जनांनी २०१५ मध्ये एका जुन्या वादाचा निकाल लावला. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही, तरी मानेतल्या लसीका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढायच्या की गाठ येण्याची वाट पाहायची? आधीच काढल्या त्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहिली त्या गटात ६७.५ टक्के. हाताला न लागणाऱ्या पेशी मानेपर्यंत पोचलेल्या असतात, हे त्या साडेबारा टक्क्यांत लिहिलेलं आहे. मामांच्या ग्रंथी पहिल्याच वेळी काढल्या, त्या या अभ्यासामुळे.

म्हणजे प्रश्न असा होतो : जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते किती दूर गेलं असेल, हे काढता येईल का? हा प्रश्न डॉक्टरांचा आहेच, पण त्याचा आकार गणिताचा आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या लांब व्हरांड्यात मी दर वर्षी एक खेळ घेतो. चाळीस मुलं-मुली मधल्या फरशीच्या आजूबाजूला दाटीने उभी राहतात. सगळ्यांची सुरुवात त्या एकाच फरशीवरून झाली असं मानायचं. प्रत्येकाकडे एक नाणं. मी शिट्टी वाजवली की नाणं उडवायचं. छाप आला तर एक फरशी उजवीकडे, काटा आला तर एक फरशी डावीकडे. पंचवीस शिट्ट्यांनंतर थांबायचं. पंचवीस पावलं चालूनही तीसएक जण मधल्या फरशीपासून पाच फरश्यांच्या आतच असतात. दहा फरश्यांच्या पलीकडे एखाद-दुसराच गेलेला असतो. पाच म्हणजे पंचवीसचं वर्गमूळ. दुप्पट पसरायचं असेल तर चौपट वेळ लागतो, तिप्पट पसरायला नऊपट. दिशाहीन भटकण्याचं हे गणित आहे आणि त्याला विसरण म्हणतात. पाण्यात शाईचा थेंब पसरतो तो असाच. सुरुवातीला झपाट्याने, मग रेंगाळत.

आता खेळात एक नियम वाढवतो. दर पाच शिट्ट्यांनी प्रत्येकाने वर्गातून एका मित्राला बोलावून आपल्याच फरशीवर उभं करायचं. फरशीवर जागा संपली की बोलावणं बंद. या वेळी जे होतं ते मुलांना दर वेळी चकित करतं. मध्ये गर्दी भरून जाते आणि तिथे काहीच घडेनासं होतं. पण कडेला, जिथे फरश्या रिकाम्या आहेत, तिथे एखादा भटका पोचतो, त्याचे दोन होतात, दोनाचे चार होतात आणि त्यांच्यातला एक आणखी पुढे जातो. गर्दीची कड रेंगाळत नाही. ती समान वेळेत समान अंतर कापत पुढे सरकते. एकट्या भटकण्याला वेग नव्हता. भटकणं आणि वाढणं एकत्र आलं, आणि लाट तयार झाली.

१९३७ मध्ये हे समीकरण दोन ठिकाणी, एकमेकांची कल्पना नसताना, लिहिलं गेलं. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर एखादा फायद्याचा जनुक समुद्रकिनाऱ्यासारख्या लांबट वस्तीत कसा पसरेल, याचा विचार करत होते. मॉस्कोत कोल्मोगोरोव्ह, पेत्रोव्स्की आणि पिस्कुनोव्ह या तिघांनी त्याच समीकरणाची काटेकोर सिद्धता दिली. कर्करोग त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात नव्हता. त्यातून निघालेलं सूत्र मला आजही गणितातल्या सुंदर सूत्रांपैकी एक वाटतं. भटकण्याच्या मापाला ‘वि’ म्हणू, वाढीच्या दराला ‘वा’ म्हणू. मग

लाटेचा वेग = २ × √(वि × वा)

बस, एवढंच. १९५१ मध्ये स्केलम यांनी हीच दृष्टी घेऊन मध्य युरोपात पसरलेल्या मस्करॅटचा नकाशा तपासला. १९०५ मध्ये बोहेमियात आणलेले हे पाणउंदरासारखे प्राणी सुटले आणि पसरत गेले. त्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढलं तर ते वर्षांसोबत सरळ रेषेत वाढताना दिसलं. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात नोंदलं गेलेलं गाजरगवत पुढे बांधाबांधाने देशभर गेलं. ते पाहिलेल्या माणसाला लाट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पेशींच्या जगात हेच समीकरण जखम भरताना उपयोगी पडतं. खरचटलेल्या कातडीच्या कडेच्या पेशी मधल्या रिकाम्या जागेकडे सरकतात आणि वाढतात. जेम्स मरी आणि जोनाथन शेरॅट यांनी १९९० मध्ये त्याचं मॉडेल केलं होतं.

पण या सूत्राची खरी कसोटी लागली ती मेंदूत, आणि त्यावर मी या पुस्तकाची तीन प्रकरणं खर्च केली आहेत.

ग्लायोमा हा मेंदूतल्या आधारपेशींचा कर्करोग. १९२८ मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकी सर्जननी मेंदूचा संपूर्ण उजवा अर्धगोल काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची नोंद प्रसिद्ध केली. गाठीपेक्षा कितीतरी पट मोठा भाग गेला होता, रुग्णांचं अर्धं अंग आधीच लुळं होतं. तरीही रोग परतला. कारण पेशी दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलावरून आधीच पलीकडे गेलेल्या असू शकतात. सर्जनच्या सुरीला काठ असतो. या रोगाला तसा काठच नसतो.

१९९० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये जेम्स मरी, त्यांची विद्यार्थिनी क्रिस्टिन स्वॉन्सन आणि मेंदूचे पॅथॉलॉजिस्ट एल्सवर्थ अ‍ॅल्व्हर्ड यांनी फिशरचं समीकरण मेंदूच्या नकाशावर मांडलं. २००० सालच्या त्यांच्या निबंधात एक सुधारणा होती, साधी पण निर्णायक. मेंदूचं करडं द्रव्य आणि श्वेतद्रव्य त्यांनी सारखं धरलं नाही. श्वेतद्रव्यात लांब तंतूंच्या जुड्या असतात आणि पेशी त्यांच्या कडेने घसरत जातात. तिथे विसरण करड्या द्रव्याच्या पाच पट किंवा त्याहून जास्त धरलं, तेव्हा गणकावरची गाठ गोल राहिली नाही. तिला खऱ्या गाठींसारखे वेडेवाकडे पाय फुटले.

आता कागद-पेन्सिल घ्या, कारण इथे जे आहे ते हाताने करून पाहण्यासारखं आहे. समजा एका रुग्णाच्या गाठीत वि आहे वर्षाला १ वर्ग मिलिमीटर आणि वा आहे वर्षाला १, म्हणजे पेशी सव्वाआठ महिन्यांत दुप्पट होतात. वेग आला २ × √१, म्हणजे वर्षाला २ मिलिमीटर. दोन्ही बाजू धरून व्यास वर्षाला ४ मिलिमीटरने वाढेल. फ्रान्समधल्या मँडोने आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सौम्य दर्जाच्या ग्लायोमाच्या २७ रुग्णांचे एकापाठोपाठचे एमआरआय मोजले. व्यास सरळ रेषेत वाढत होता, आणि सरासरी वेग वर्षाला ४ मिलिमीटरच्या आसपास होता. मी घेतलेले आकडे सोयीचे आहेत, पण ती सरळ रेषा सोयीची नाही. ती रुग्णांच्या चित्रांतून आली आहे.

आता दुसरा रुग्ण घ्या. त्याचा वि ४ आणि वा पाव. गुणाकार पुन्हा १. वेगही तोच. दोघांचे एमआरआय वर्षानुवर्षं शेजारी ठेवले तरी कड सारख्याच चालीने सरकताना दिसेल. मात्र कडेच्या पुढे पेशींची जी विरळ होत जाणारी शेपटी असते, तिची लांबी गुणाकारावर ठरत नाही. ती ठरते भागाकाराच्या वर्गमूळावर, म्हणजे √(वि ÷ वा) वर. पहिल्या रुग्णात ते येतं १ मिलिमीटर, दुसऱ्यात ४. पेशींची दाटी हजारात एक इतकी खाली यायला ढोबळमानाने पहिल्यात ७ मिलिमीटर लागतील, दुसऱ्यात २८. चित्रं सारखी, चाल सारखी, आणि एकाच्या डोक्यात न दिसणारा रोग दुसऱ्याच्या चौपट अंतरावर पोचलेला.

हे उत्तर पहिल्यांदा माझ्या वहीत उतरलं तेव्हा मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो होतो. मामांच्या प्रश्नाचा आकार मला त्या दिवशी समजला. “तिथून पुढे किती?” याचं उत्तर वेग मोजून मिळत नाही. दुसरं काहीतरी मोजावं लागतं. स्वॉन्सन यांच्या गटाने त्यासाठी एमआरआयच्याच दोन जाती वापरल्या. रंगद्रव्य टोचून काढलेल्या चित्रात गाठीचा दाट भाग उजळतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तिच्या भोवतीची सूज आणि विरळ पेशींचा प्रदेशही दिसतो. एकच उतार दोन उंचीवर कापला की उतार किती तीव्र आहे ते कळतं. तसंच या दोन कडांमधल्या अंतरावरून वि आणि वा यांचा भागाकार काढता येतो. वेगातून गुणाकार येतो, आणि दोन्ही मिळून प्रत्येक रुग्णाचे स्वतःचे दोन आकडे हाती लागतात.

गणिताने कुणी बरं झालं का, असं मला विचारतात. ग्लायोमाचा सर्वांत आक्रमक प्रकार घेतला तर २००५ मध्ये किरणोपचाराला टेमोझोलोमाईड जोडल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. अडीच महिने. तेही औषधाने मिळवलेले, समीकरणाने नाहीत. ज्या घरात हे अडीच महिने मोजले जातात त्या घरात मॉडेलचं कौतुक सांगायला मी धजणार नाही. गणिताचं काम आणखी मागे, पडद्यामागे आहे. कोणत्या रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया देऊन काही हाती लागेल, किरणांचं क्षेत्र कुठवर न्यायचं, औषधाने गाठ खरंच थांबली की तशीही ती तिथवरच पोचली असती, हे प्रश्न नीट विचारायला शिकवण्याचं.

आता समीकरणाची मोठी उणीव. फिशरच्या समीकरणात पेशींची दाटी असते, पेशी नसते. शेपटी जसजशी लांबते तसतशी दाटी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. सुरुवातीनंतरच्या क्षणीच ते समीकरण टाळूपासून मानेपर्यंत सगळीकडे पेशीचा अब्जावा अंश ठेवून मोकळं होतं. पेशीचा अंश नसतो. ती पूर्ण असते किंवा नसते. मी काचेवर पाहिलेल्या त्या शेवटच्या तीन पेशी कुठल्याही दाटीच्या आलेखात बसत नाहीत, आणि रोग परततो तो नेमका अशा तिघींपासून. शिवाय समीकरणातली पेशी ज्या जमिनीवरून चालते तिची दखल घेत नाही. खरी पेशी जमीन पोखरते, बदलते आणि जमीनही तिला बदलते.

जमीन पोखरणाऱ्या विकरांचा शोध १९६२ मध्ये लागला, तोही बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना कोडं होतं की पिल्लाचा बेडूक होताना इतकी कोलॅजेनने भरलेली शेपटी जाते कुठे. ती विरघळवणारं विकर त्यांना सापडलं. निसर्गाने शेपटी गाळायला घडवलेलं हत्यार कर्कपेशी स्वतःची वाट काढायला वापरतात. अलेक्झांडर अँडरसन, मार्क चॅपलेन यांच्यासारख्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जी मॉडेलं बांधली त्यात विकरं आणि कोलॅजेनचं जाळं समीकरणांनी मांडलेलं असतं, पण पेशी एकेक करून, सोंगट्यांसारख्या पटावर सोडलेल्या असतात. प्रत्येक सोंगटी शेजारच्या घरांत काय आहे ते पाहून चाल ठरवते. व्हरांड्यातल्या खेळाशी याचं नातं तुमच्या ध्यानात आलंच असेल.

२००६ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी अशाच पटावर एक गोष्ट दाखवली. परिसर सुखाचा असेल, प्राणवायू भरपूर असेल, जाळं एकसारखं असेल तर गाठ गुळगुळीत राहते आणि आत वेगवेगळ्या जातींच्या पेशी एकत्र नांदतात. परिसर खडतर केला की बहुतेक जाती मरतात, सर्वांत आक्रमक तेवढ्या उरतात आणि गाठीला बोटं फुटतात. गाठीची उपासमार करणाऱ्या प्रत्येक उपचाराकडे या निष्कर्षानंतर सावधपणे पाहावं असं माझं मत आहे. हे पटावरचं चित्र आहे, रुग्णावरचं नाही, याची जाणीव ठेवूनही.

रॉबर्ट गेटनबी यांचं काम मला सगळ्यांत धाडसाचं वाटतं. ते मूळचे रेडिओलॉजिस्ट. कर्कपेशी साखर फार वापरतात आणि भोवती आम्ल सोडतात, हे ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. गेटनबींनी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड गॉलिन्स्की यांच्याबरोबर १९९६ मध्ये प्रश्न केला : हे आम्लच आक्रमणाचं शस्त्र असलं तर? त्यांनी तीन समीकरणं लिहिली, निरोगी पेशींचं, कर्कपेशींचं आणि आम्लाचं. त्यातून एक अनपेक्षित उत्तर आलं. आम्ल जोरदार असेल तर गाठ आणि निरोगी ऊती यांच्यामध्ये एक ओसाड पट्टा पडायला हवा. निरोगी पेशी मेलेल्या आणि कर्कपेशी अजून पोचलेल्या नाहीत, असा. मग ते मानेच्या आणि तोंडाच्या गाठींच्या काचा पुन्हा पाहायला बसले, आणि बऱ्याच नमुन्यांत तसा पट्टा होता. तो आधीही तिथेच होता. शोधायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

इथे एक इशारा द्यावाच लागेल. २००९ मध्ये उंदरांना पाण्यातून सोडियम बायकार्बोनेट दिल्यावर काही गाठींचा प्रसार कमी झाल्याचं दिसलं. त्याचं बोट धरून “खाण्याचा सोडा घ्या, कॅन्सर बरा होतो” असे संदेश मोबाईलवर फिरतात. मामींनाही एक आला होता. उंदराला ज्या प्रमाणात दिला त्या प्रमाणात माणसाने सोडा घेणं धोक्याचं आहे, आणि माणसात त्याने रोग बरा झाल्याचा पुरावा नाही. मॉडेलने एक दार दाखवलं, एवढंच. दार दिसणं आणि त्यातून पलीकडे जाता येणं यांत वर्षानुवर्षांचं काम असतं.

आणि पट्टा सापडला म्हणून आम्लाचं मॉडेल सिद्ध झालं, असंही नाही. काच तयार करताना ऊती आक्रसूनही फट पडू शकते. विकरांनी जाळं विरघळल्यानेही तशी जागा होऊ शकते. एकाच चित्रापाशी येणाऱ्या तीन वाटा असल्या की चित्र जुळल्याचा आनंद आवरता घ्यावा आणि तिन्ही वाटा जिथे वेगळं काही सांगतात ते माप शोधावं. पुस्तकाच्या मधल्या भागात हेच पुन्हा पुन्हा केलं आहे. वाचकाला तिथे थोडा धीर धरावा लागेल.

जमिनीबद्दल आणखी एक, आणि हे माझ्या मनाला फार लागलेलं आहे. सुपारी, मावा, खर्रा खाणाऱ्यांच्या गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू चामड्यासारखं होतं. तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर विचारतात, किती बोटं आत जातात? तीन, दोन, एक. १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचं वर्णन झालं, पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी विदर्भातल्या कुठल्याही बसस्थानकावर ती बोटं मोजता येतील. आता मॉडेलच्या भाषेत पाहा. हे अस्तर म्हणजे कोलॅजेनने गच्च भरलेली जमीन. पेशीला चालायला पकड लागते, म्हणून जाळं फार विरळ असलं तर ती सरकत नाही. फार दाट असलं तर वाट मिळत नाही. मधल्या कुठल्यातरी दाटीला आक्रमण सर्वांत वेगवान होतं, असं गणितही सांगतं आणि प्रयोगही. मग गालाचं ते चामडं भिंत ठरतं की रस्ता? त्या भिंतीला भेग पडली तर काय? हा प्रश्न आपल्या मातीतला आहे, आपल्या रुग्णालयांत त्याच्या काचा कपाटं भरून आहेत. तो सोडवायला मराठी मुलंमुली पुढे यावीत ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि पुस्तक मराठीत लिहिण्याचं पहिलं कारण तेच.

एक शेवटचं प्रकरण कर्करोगाबाहेरचं आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्याची सुरुवात आक्रमणाने केली. गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, त्याच विकरांनी वाट काढतात, स्नायूच्या आतल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जातात, आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात, आणि थांबतात. फार उथळ थांबल्या तर आईचा रक्तदाब चढण्याचा, बाळ अशक्त राहण्याचा धोका. फार खोल गेल्या तर वार सुटत नाही आणि बाळंतपणात रक्तस्राव जिवावर बेततो. या पेशींना कुठे थांबायचं ते कोण सांगतं? आईच्या अस्तरातल्या पेशी, त्यांनी सोडलेले रोधक, आणि पेशींचं स्वतःचं वय, असं बरंच काही. या लाटेच्या समीकरणात वेगाइतकाच तिला थांबवणारा अटकावही लिहावा लागतो. आक्रमण सुरू कसं होतं हे शोधण्यात आपण शंभर वर्षं घालवली. ते रोज, लाखो गर्भाशयांत, बिनबोभाट थांबतं कसं, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

मामांना जाऊन आता चार वर्षं झाली. गेले ते हृदयाच्या झटक्याने. जिभेचा रोग शेवटपर्यंत परतला नव्हता. या पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यातली दोन रुग्णांची आकडेमोड मी त्यांना दाखवली होती. तेव्हा त्यांना थोडं थोडं बोलता येऊ लागलं होतं. बोबड्या शब्दांत ते म्हणाले, “म्हणजे माझा भागाकार कमी होता म्हण की.” जिभेच्या रोगाला ते सूत्र जसंच्या तसं लागू नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि वही परत देण्याआधी ते पान दुमडून ठेवलं.

हे पुस्तक वाचायला बारावीच्या गणितापेक्षा जास्त काही लागत नाही. विकलक समीकरण जिथे पहिल्यांदा येतं तिथे ते व्हरांड्यातल्या फरश्यांवरूनच उभं केलं आहे. डॉक्टर वाचकांनी सूत्रं ओलांडून आकृत्यांपाशी थांबलं तरी चालेल. गणिताच्या वाचकांनी मात्र दुसरं प्रकरण, काचा आणि ओळंब्याचं, कृपा करून वगळू नये. पहिल्या प्रकरणाला बसताना आलेखाचा कागद, पेन्सिल आणि एक रुपयाचं नाणं जवळ असू द्या. पानाच्या मधोमध एक ठिपका काढा आणि नाणं उडवा.